सलूनवाल्यांची खिडकी

तलावाकाठी राहणाऱ्या माणसाचं मीठ कधी सुटं राहत नाही. कपाटाची दारं फुगतात, चपलांना बुरशी येते, आणि टॉवेल कालचा असो की परवाचा, ओला तो ओलाच. हे आधी कुणी सांगत नाही. पाहुणे येतात, खिडकीशी बसतात, "काय नशीब काढलंत हो!" म्हणतात आणि आपल्या कोरड्या घरी निघून जातात. मी उभा जन्म नर्सची नोकरी केली, नाही नाही ते ऐकून घेतलं, पण हात शिवशिवले ते फक्त या वाक्याने.

माझ्या शेजारी सलूनवाले राहायचे. शहरात त्यांचं सलून होतं, समोर भिंतभर आरसा. ते मला सिस्टर म्हणत, मी त्यांना सलूनवाले. तेवढ्यावर आमचं छान भागत होतं. तलावाची हौस त्यांची नव्हेच, बायकोची. दुकान बंद केलं की पाण्याकाठी राहायचं, असं तिने लग्नापासून घोकलं होतं. राहायला आली, एक हिवाळा मजेत काढला आणि वारली. हौस यांच्या गळ्यात पडली.

रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायची. मला जायला दुसरं घर नव्हतं. ते चहा बरा करत, पण गप्पांच्या नावाने शंख. समोर बसलं की डोळ्यांकडे बघणं नाही, सगळं लक्ष माझ्या कानाशी. कानावरचे केस एका बाजूला जास्त आहेत, एवढं मात्र त्यांनी मला तीनदा सांगितलं. ज्या माणसाच्या सलूनमध्ये लोक कटिंग झाली तरी उठत नसत म्हणे, तो हाच का, असा मला प्रश्न पडे.

उत्तर मिळालं ते माझ्या कपाटामुळे. दार फुगून बसेना, म्हणून ते रंधा घेऊन आले. दाराला आरसा आहे. मी दार दाबून धरलं होतं आणि ते माझ्या मागे उभे राहून कुठे अडतंय ते बघत होते. आरशात आमची नजरानजर झाली.

"सिस्टर," ते म्हणाले, "मला इथे करमत नाही. लेकीकडे जायचंय मला. पण तिला सांगवत नाही. ही गेल्यापासून तर घसा धरल्यासारखा होतो."

मी गर्रकन वळले.

"वरच्या बाजूला अडतंय," सलूनवाले म्हणाले, माझ्या कानाकडे बघून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस सगळी उमर लोकांच्या मागे उभा राहून, आरशातल्या तोंडाशी बोलत आला. आरसा नसेल तर याच्या तोंडाला कुलूप. त्यांच्या घरात मोठा आरसा नव्हता, बायकोने भिंत मोकळी हवी म्हणून लावू दिला नव्हता. होती ती खिडकी, आणि खिडकीत तलाव.

मुलगी एकुलती एक. फोनवर "बाबा, कसं चाललंय?" "मजेत." "तलाव?" "आहे," एवढं झालं की दोघं सुटल्यासारखी फोन ठेवत. मी तिला कळवायला निघाले तर सलूनवाल्यांनी हात जोडले. "मी सांगतो. माझं मी सांगतो."

मग एकदा ती दोन दिवसांसाठी आली. पहिल्याच जेवणाला मलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय, या खिडकीबाहेर तुम्हाला छान ओटा बांधून देते. तलावासमोर बसायला." सलूनवाल्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी मुलीकडे, म्हणजे तिच्या कानाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "मीठ इथे सुटं राहत नाही."

"मी डबा पाठवते," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बॅग भरून दाराशी आली होती. ती खिडकीशी खुर्ची ओढून तलाव बघत होती. सलूनवाले तिच्या मागे उभे होते, हात कुठे ठेवावेत हे न कळून. मला राग आला, त्यांचाही आणि तलावाचाही. अंधारून आलं होतं. मी उठून दिवा लावला.

काचेतला तलाव गेला आणि तिथे मुलीचं तोंड आलं, मागे बापाचं.

सलूनवाल्यांचे हात आपोआप वर आले. त्यांनी दोन बोटांनी तिचं डोकं नीट केलं. "मान जरा सरळ," म्हणाले, आणि पुढे त्याच दमात, "मला इथे करमत नाही गं. मला तुझ्याकडे यायचंय."

मुलगी वळायला लागली.

"वळू नकोस!" मी ओरडले. इंजेक्शन देताना हलणाऱ्यांवर ओरडायची तशी. ती जागच्या जागी थिजली.

"मला वाटलं, आईसाठी तुम्ही इथून हलणार नाही," ती काचेत बघून म्हणाली. "म्हणून मी कधी विचारलंच नाही."

"तलाव तिला आवडायचा. मला ती आवडायची."

मग मुलगी नाक पुसत म्हणाली, "पण तुमची खोली लहान आहे हं, बाबा. आणि खिडकीतून काही दिसत नाही. समोरच्या इमारतीची भिंत आहे नुसती."

"रंग कुठला?" सलूनवाल्यांनी विचारलं.

"पिवळा असेल. पोपडे निघालेत."

"चालेल की," ते म्हणाले. इतका खुश माणूस मी त्या तलावाकाठी तरी पाहिला नव्हता. हे सगळं मीच घडवून आणलं होतं आणि मला फार वाईट वाटत होतं. चहाला आता कुणाकडे जायचं, हा विचार मी दिवा लावण्याआधी करायला हवा होता.

सलूनवाल्यांनी काचेतूनच माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुमच्याशिवाय जड जाणार आहे मला."

माझं तोंड मला काचेत दिसत होतं. म्हणजे त्यांनाही दिसत असणार.

"डास येतात," मी म्हणाले आणि दिवा बंद केला. खिडकीत तलाव परत आला.