वर पंख असलेलं विमान

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी मेथीचं टोपलं मला न विचारता माझ्या पायांवर ठेवलं आणि पिवळी पानं खुडायला घेतली. माझ्या हातात दोन विमानांचे फोटो होते. वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला होता; आता मोठं जेट शिकायचं की पंखे फिरणारं छोटं विमान, हे ठरवायचं होतं. एकदा निवडलं की बरीच वर्षं तेच.

"कोनतं घेऊन राहिला, बाबू?"

"जेट," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी दोन्ही फोटो निरखले आणि किडकी जुडी टाकावी तसा जेटचा फोटो बाजूला केला. "याचे पंख खिडकीच्या खाली हायेत. बसनाऱ्याले काय दिसन? हे लहानच घे, याचे पंख वर हायेत. आमचे वावरं कसे वाळून राहिले, दिसू दे लोकाइले."

मी हसलो. मूर्तिजापूरला त्या उतरल्या, माझ्या पॉलिश केलेल्या बुटांवर माती ठेवून.

मी छोटंच घेतलं. नोकरी लवकर लागते, असं मित्रांना सांगितलं. आता वऱ्हाडावरून जाताना "खाली मूर्तिजापूर आहे" असं प्रवाशांना माइकवरून आवर्जून सांगतो. ऊन लागतं म्हणून मागे सगळ्यांनी खिडक्या झाकून घेतलेल्या असतात.