डाव्या सीटवरचा श्वास

आधी एक लांब, ओढून घेतलेला श्वास. मग मध्येच, उंबऱ्याला पाय अडखळावा तशी एक बारीक थबक. आणि त्यानंतर सावकाश, थकून सोडलेला निःश्वास. चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी, लोहा मागे टाकून मी एकटाच एक चढ चढत लातूरकडे येत असताना, माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या सीटवरून हा आवाज प्रथम आला. काचा बंद होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दोन्ही अंगांना काढणी झालेली काळी रानं उन्हात थरथरत होती, आणि त्या प्रखर, निर्लज्ज उजेडात, जिथे सावलीलासुद्धा लपायला जागा नसते अशा वेळी, कुणीतरी माझ्या शेजारी बसून श्वास घेत होतं. मी मान वळवली नाही. भीतीमुळे म्हणाल, तर तसं नाही. तो श्वास माझ्या ओळखीचा होता, आणि ओळखीच्या माणसाची जागा रिकामी दिसू नये असं मला वाटलं.

तो श्वास माझ्या वडिलांचा होता. अण्णा पाटबंधारे खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. उभं आयुष्य धूळ खाल्ली, म्हातारपणी फुफ्फुसांनी असहकार पुकारला, आणि अखेरचे काही महिने घरात त्या श्वासाखेरीज दुसरं घड्याळ उरलं नव्हतं. आम्ही त्यावर झोपायचो, त्यावर उठायचो. दवाखान्यात न्यायचं झालं की ते माझ्या जुन्या गाडीत डाव्या सीटवर बसायचे, आणि चढ आला की गाडीला नव्हे, त्यांनाच धाप लागायची. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो आवाज थांबला, आणि घर एकदम इतकं मोठं झालं की आम्ही दोघं मायलेक त्यात हरवूनच गेलो.

पण मूळ गोष्ट गाडीची आहे. ती सांगितल्याशिवाय हा श्वास तुमच्यापर्यंत पोचायचा नाही.

दहाव्याला आमच्या गावच्या नाल्याकाठी पिंड ठेवले. मुखेड तालुक्यातलं आमचं गाव. नाल्याच्या अलीकडे सडक, पलीकडे आमचं शेत. कावळे होते, पण ते समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत राहिले. कावळा शिवेना की मागे राहिलेल्यांनी गेलेल्याच्या मनातली इच्छा ओळखून, ती पुरी करण्याचा शब्द मोठ्यानं द्यायचा, ही आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. काकांनी सुरुवात केली. शेत विकणार नाही, म्हणाले. कावळा हलला नाही. वहिनीला अंतर देणार नाही, म्हणाले. कावळ्यानं पिसं साफ केली. ऊन डोक्यावर आलं, माणसं कुजबुजू लागली, आणि आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेल्या माझ्या बापाचं नेमकं कशात अडकलं आहे, हे त्यांच्या एकुलत्या मुलाला ओळखता येईना! मग मला ती गाडी आठवली. चारी चाकांना ओढ असलेली, डोंगर चढणारी, पाण्यातून जाणारी गाडी रस्त्यात दिसली की अण्णा ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. ह्याच नाल्यात एका पावसाळ्यात त्यांच्या सरकारी जीपच्या इंजिनानं पाणी पिऊन जीव सोडला होता, आणि तेव्हापासून ते म्हणायचे की गाडीचं नाक पाण्याच्या वर पाहिजे, मग ती कुठंही जाते. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, अण्णा, ती गाडी घेतो. कावळा तत्क्षणी उतरला आणि पिंडाला शिवला. मंडळींनी सुटकेचा निःश्वास सोडला. काका माझ्याकडे असं पाहू लागले, जणू विचारत होते, आता हा शब्द पोरगं निभावतं कसं!

मी निभावला. गुढीपाडव्याला गाडी दारात उभी राहिली. आईनं ओवाळलं, चाकांखाली लिंबं चिरडली, बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक उमटलं. मात्र नवी गाडी जशी कारखान्यातून येते तशी ती कुणाचीच नसते. देवणीच्या बाजारातून खोंड आणलं, तरी त्याची बाजारची वेसण काढून घरची घातल्याशिवाय ते आपल्या दावणीचं होतं का? मग लोखंडाच्या ह्या जनावराला तरी निराळा न्याय कसा लावावा? माणूस जे विकत घेतो ते त्याचं नसतं. ज्यात तो स्वतःचं काही मिसळतो तेवढंच त्याचं होतं, असं मला आपलं वाटतं. ह्या विचारानं मी नांदेड गाठलं. तिथे मुनीरभाईंचं गाड्या सजवायचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी टांगे सजवले, त्यांनी जीपा सजवल्या. त्यांनी माझ्या गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला, खोल नक्षीचे टायर चढवले, पुढे दोन पिवळे दिवे लावले, आणि सगळ्यात शेवटी डाव्या अंगानं, काचेच्या कडेनं छपरापर्यंत जाणारी ती काळी नळी बसवली, जिला स्नॉर्केल म्हणतात. इंजिन श्वास घेतं ती वाट त्या नळीनं थेट छपराच्या उंचीला नेली. अण्णांना हवं होतं ते नाक!

लातूरच्या ज्या कॉलेजात मी शिकवतो, तिथे चेष्टेचा विषय झालो. ज्या लातुरात नळाला पाणी आलं की माणसं एकमेकांना फोन करून कळवतात, त्या गावात सरांना बुडण्याची धास्ती, असं सहकारी म्हणाले. मी हसलो. पण मला हसू पुरतं आलं नाही, कारण तोवर मी लोह्यापुढचा तो श्वास ऐकला होता. मुनीरभाईंना फोन करून विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “नाक लावलं की घोरनं आलंच, सर.” बरोबरच होतं. नळीचं तोंड डाव्या सीटच्या कानाशी. इंजिनानं हवा ओढली की आवाज होणार, पाय हलका केला की हवा माघारी फुस्सकन सुटणार. मी हे सगळं स्वतःला समजावलं, वर्गात समजावतो तसं, उदाहरणं देऊन. पण मधल्या त्या थबकेचं काय? लोखंडाला दम का लागावा, आणि तोही नेमका चढावरच का?

ह्या सगळ्यात मी आईबद्दल बोललो नाही, कारण बोलायचं जिवावर येतं. आई वाळत चालली होती. ती जन्मात कधी अण्णांच्या आधी जेवली नव्हती. त्यांचं ताट उचललं की मग स्वतःचं वाढून घ्यायची. आजारपणात त्यांना चार घास गिळायला तास लागायचा आणि ती तितका वेळ पदर सावरून समोर बसून असायची. अण्णा धापेतून हातानं तिला खूण करायचे, तू जेव. ही मान हलवायची. ते गेल्यावर तिचं जेवण जणू रांगेत पुढे सरकेचना. ताट घेऊन बसायची, भाकरीची कोर मोडायची, आणि कुणाची तरी वाट बघत ती कोर ताटातच ठेवून उठायची. बांगड्या आधीच काढलेल्या. पुढे पुढे चोळीच्या बाह्या लोंबू लागल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खाल्लं पाहिजे. मी रागावलो, विनवण्या केल्या, तिच्या आवडीची शेंगांची पोळी स्वतः लाटायला गेलो आणि तव्यावर जाळून बसलो. ती हसली, पण खाल्लं नाही.

अशी ती आई, पहिल्यांदा त्या गाडीत बसली, डाव्या सीटवर. आम्ही गावी निघालो होतो. शिरूर सोडून जांबच्या बाजूला वळलो, पहिला चढ लागला, आणि नळीनं श्वास ओढला. मी तिरप्या नजरेनं पाहिलं. आईनं पदर डोक्यावर घेतला, घरात वडीलधारं माणूस आल्यावर घेते तसा. मग तिनं हात पुढे करून एसीच्या थंड झोताची जाळी नळीच्या बाजूनं दुसरीकडे वळवून टाकली. अण्णांना वारं सोसत नसे.

त्या दिवसानंतर तिला गाडीत बसायचं वेड लागलं. आज भाजीला, उद्या देवळाला. चढाचा रस्ता असला की तिचा चेहरा उजळे, आणि सपाट रस्ता आला की ती अस्वस्थ होई. एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो, तर घरात ती नव्हती. गाडी दारात, उन्हात उभी. इंजिन बंद, काचा वर, आणि आत आई, डोक्यावर पदर, किंचित डावीकडे झुकलेली, काही ऐकत असल्यासारखी. घामानं चिंब झाली होती. मी दार उघडलं तेव्हा तिनं तोंडावर बोट ठेवलं. बंद गाडी, भरदुपार, आणि तिच्या चेहऱ्यावर ते समाधान! त्याच क्षणी मी ठरवलं, ही नळी उतरवायची. मेलेल्याच्या श्वासावर जिवंत माणूस किती दिवस जगणार?

दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं म्हणून तिला गाडीत बसवलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. तिनं वाटेसाठी डबा घेतला, माझ्यासाठी. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि पुढच्या लांब चढाला त्या नळीनं असा काही श्वास ओढला, मधेच अशी काही थबकली, की मी नकळत पाय हलका केला. आई म्हणाली, गाडी थांबव. मी एका कडुलिंबाखाली थांबलो. इंजिन बंद केल्यावर उन्हाचा तो सूक्ष्म, करकर वाजणारा सन्नाटा आत शिरला. ती समोर बघत होती.

“ते गाडीसाठी न्हाई गेले रे,” आई म्हणाली. “कावळा शिवंना, तवा म्या बायांत बसून मनात म्हनले, तुमी जावा, माझा घोर नका करू, मी येळच्या येळी जेवीन. तवा शिवला त्यो.”

नाल्याकाठी एकाच क्षणी दोन शब्द दिले गेले होते. एक माझा, मोठ्यानं, चारचौघांत, आणि एक तिचा, मुकाट्यानं. आणि मी, माझाच आवाज ऐकायची सवय झालेला मास्तर, कावळा माझ्यासाठी उतरला असं धरून बसलो. एवढी गाडी दारात आणली, तिच्या अंगावर दिवे चढवले, नाक चढवलं, आणि अण्णांची इच्छा तर केवढी लहान होती! त्या धापेतून रोज हातानं केलेली तीच ती खूण, आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केलेली.

“म्या शबूद पाळला न्हाई,” ती म्हणाली. “म्हनून परत येऊन बसलेत हितं. असं अडकवून ठिवू नये मान्साला.”

तिनं मांडीवर डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मला विचारलं नाही, माझी वाट पाहिली नाही. भाकरीची कोर मोडली, चटणीला लावली आणि तोंडात घातली. पहिला घास तिच्या घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी आलं, चटणीचं की कशाचं. मी बाटली पुढे केली. ती पाणी प्यायली, आणि तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. माझ्या वाटणीची भाकरीही तिनंच संपवली. मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आणि ती जेवत राहिली.

नांदेडला गेलो नाही. तिथूनच गाडी वळवली. नळी जशीच्या तशी होती. कुणी तिला हात लावला नव्हता, कुठला आटा कुणी पिळला नव्हता. उतार संपून चढ लागला, तसे माझे कान डावीकडे गेले. श्वास आला, लांब, सरळ, मोकळा, आणि मध्ये कुठेही न अडखळता बाहेर पडला. आई सीटला डोकं टेकून झोपली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो सावरला नव्हता.

त्या संध्याकाळी मी हातपाय धुऊन येतो तो काय, तिनं ताट वाढून घेतलं होतं, एकच, स्वतःचं, आणि ती जेवायला बसलीही होती. आता ती भरली आहे. बाह्या लोंबत नाहीत, आणि गाडीत बसायचा कंटाळा येतो म्हणते. मुनीरभाईंना मी त्या थबकेविषयी पुन्हा विचारलेलं नाही. कुठलं रबर बसायचं राहिलं होतं, ते उन्हानं बसलं, असलं काहीतरी कारण त्यांच्यापाशी असेलच. पण एकटा असलो, दुपारची वेळ असली, आणि लोह्यापुढचा तो चढ आला, की मी काचा वर करतो, एसीची जाळी डावीकडून वळवतो, पाय हलका करतो, आणि त्या अडखळीची वाट बघत राहतो. आईनं त्यांना जाऊ दिलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. नळीतून नुसती हवा आत जाते, आणि गाडी मुकाट चढ चढते.