प्रेसनोटमधलं पूर्ण नाव

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहून द्या, असा निरोप मला गेल्या महिन्यात आला. मी एके काळी संघाची कॅप्टन होते, मराठी बरं लिहायचे आणि अजून नाशिकमध्येच राहते, त्यामुळे आयतीच सापडले. दोन पानं लिहून दिली. सगळ्यांना आवडली. त्यात एक गोष्ट मी लिहिली नाही. ती तिथे छापून आली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून ती इथे लिहिते.

इतिहास तसा छोटाच आहे. कॉलेजच्या इमारतीमागे सिमेंटचं कोर्ट आहे, ते बांधलं मुलांसाठी. मुलींचा संघ बराच नंतर निघाला, तोही विद्यापीठाकडून विचारणा झाली म्हणून. पहिल्या मुली पंजाबी ड्रेसवर खेळायच्या, ओढणी कमरेला बांधून. बहुतेक वर्षी पहिल्याच फेरीत हरायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी, असा आमचा लौकिक. विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत आम्ही एकदाच पोचलो, माझ्या कॅप्टनपदाच्या वर्षी. स्मरणिकेत त्यावर मी अख्खा परिच्छेद लिहिला आहे.

मॅचच्या दिवशी आम्ही सकाळी सहाला कोर्टावर असायचो. थंडीचे दिवस, बोलताना तोंडातून वाफ निघायची. खराट्यानं कोर्ट झाडायचं, पुसट झालेल्या रेषा खडूनं गिरवायच्या. जर्सीचा संच एकच होता, चार ते पंधरा नंबरचा. तो आळीपाळीनं एकेकीच्या घरी धुवायला जायचा आणि थंडीत कधी पूर्ण वाळायचा नाही, त्यामुळे दमट जर्सी घालून कुडकुडत वॉर्म-अप. मग केळी, ग्लुकोजचं पाणी आणि आम्हाला शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षक सरांचं तेच ते भाषण. मॅच सुरू होता होता मुलं ढोल घेऊन यायची. खेळ बघण्यापेक्षा ढोल बडवायची हौस जास्त, पण तो वाजायला लागला की आमच्या अंगात खरंच काहीतरी संचारायचं.

चार नंबर माझा, अकरा नंबर तिचा. ती येवल्याची, हॉस्टेलला राहायची. आम्ही तिला गावाच्या नावानंच हाक मारायचो. तिच्या घरी पैठणीचे माग होते. वडील विणायचे, आई विणायची आणि शनिवारी एसटीनं घरी गेली की तीही मागावर बसायची. पदरावरचं बारीक काम तिच्याकडे असायचं. रेशमाला खरखरीत हात चालत नाही. तळव्याला भेग असली किंवा नख फुटलेलं असलं की तार अडकते, तुटते. आमच्या खेळात तर सिमेंटवर पडून तळवे सोलायचे आणि चेंडू बोटाच्या टोकावर बसला की नख फुटायचं. म्हणून वडिलांनी तिचा चेंडू शाळेतच बंद केला होता. इथे ती खेळते हे घरी कोणाला माहीत नव्हतं.

ती किती सांभाळायची! शुक्रवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या पायरीवर बसून तळव्यांना साय चोळायची, नखं घासून घासून गोल करायची. तरी मागावर तार तुटायचीच. वडील रेशमाच्या मालाला नावं ठेवायचे आणि ही मान खाली घालून बसायची. हे तिनंच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. हसत असली तरी तिला ते लागायचं, हे मला कळत होतं.

आता माझ्याबद्दल. आमच्या मॅचला पेपरवाले कशाला येतील? कॅप्टननं बातमी लिहून फोटोसकट मोबाइलवरून वार्ताहराला पाठवायची, अशी आमच्याकडची पद्धत. तिनं पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं, माझं नाव टाकू नको. मी ते इमानेइतबारे पाळलं. ‘इतर खेळाडूंनीही मोलाची साथ दिली’ असं वाक्य प्रत्येक बातमीत असायचं आणि त्या ‘इतर’मध्ये ती. निम्मे पॉइंट तिचे, ठळक नाव माझं. हे मला फार सोयीचं होतं, आणि मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करते आहे.

उपांत्य फेरीत मला चौथा फाउल लागला; पाचवा लागला की कायमची बाहेर. सरांनी बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “तू बस आता. येवल्याला तिच्या डोक्यानं खेळू दे.” मी पाण्याच्या बाटल्या धरून बसले. पाच पॉइंटनं मागे असलेली मॅच तिनं एकटीनं ओढून आणली. शेवटचा बास्केट डाव्या हातानं, दोघींच्या मधून. ढोलाच्या तालावर पोरं ओरडत होती, “येवला! येवला!” मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. माझं नाव घेऊन तो ढोल कधीच वाजला नव्हता.

नंतर सगळ्या मिळून मिसळ खायला गेलो. तर्रीनं लाल झालेला पाव हातात धरून ती मला म्हणाली, “कॅप्टन, नाव नको हं माझं.”

“माहितीये गं,” मी म्हटलं आणि तिच्या समोरच बसून मोबाइलवर बातमी लिहायला घेतली.

तिचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ‘हातमाग कारागिराच्या मुलीची चमकदार कामगिरी’ असं लिहिलं. मथळा दिला ‘येवल्याच्या कन्येनं गाजवलं मैदान’. तिचा चेंडू हातात असलेला फोटो निवडला. अनवधानानं काहीच झालं नाही. दोनदा वाचून पाहिलं. गावाचं नाव आलं की ते तालुक्याच्या पानावर नक्की लावतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. फार तर घरी बोलणी बसतील, परवाच्या अंतिम सामन्याला येता येणार नाही, आणि मग सगळ्यांना माझ्याकडेच बघावं लागेल. असा नीच हिशेब डोक्यात होता. मी बातमी पाठवली आणि उरलेली मिसळ खाल्ली.

सकाळी बातमी छापून आली. सरांनी कोर्टावर सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “कॅप्टन असावी तर अशी. स्वतःचं नाव शेवटी, सोबतच्या मुलीचं आधी.” टाळ्या पडल्या. मी लाजल्यासारखं केलं. ती एका कडेला पेपर हातात धरून उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. येवल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर कात्रण फिरलंसुद्धा होतं.

दुपारी वडील आले. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. हॉस्टेलच्या ऑफिसात त्यांनी तिचे दोन्ही हात उताणे केले आणि तळव्यावरून सावकाश अंगठा फिरवला. आरडाओरडा काही केला नाही.

“दोन महिने रेशीमवाल्याशी भांडतोय मी,” ते म्हणाले. “चांगल्या माणसाला लय बोललो. खेळाशी माझं वैर नाय, पोरी. पण मला सांगायचं तरी.”

ती रडत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ती बातमी तुम्ही लिहिली का?”

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “नाही, अण्णा. पेपरवाल्यांनी लिहिली. हिला काय माहीत?”

मी त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि तिचं सामान भरायला गेले.

अंतिम सामना आम्ही तिच्याशिवाय खेळलो आणि सपशेल आपटलो. स्मरणिकेत मी ‘विजेतेपद थोडक्यात हुकलं’ असं लिहिलं आहे. चार नंबरकडे कोणी बघितलं नाही. ढोलवाली पोरं तर हाफ टाइमलाच निघून गेली. ती उरलेलं कॉलेज येवल्यातच शिकली आणि पुन्हा कधी खेळली नाही. आमचा संघही त्यानंतर अंतिम फेरीत गेलेला नाही.

आणखी एक राहिलं, आणि ते सांगायला हे सगळं लिहिलं. तिला नेलं त्या दिवशी मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले होते. वडील पुढे जाऊन जागा धरत होते. मी रडत होते, आणि ते रडणं खरं होतं, एवढं तरी मी म्हणू शकते. मीच लिहिलं, हे तिला अर्थात माहीत होतं. गाडीची घंटी वाजली तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत लागला.

“इतकं मनाला लावून घेऊ नको,” ती म्हणाली. “आनंदाच्या भरात लिहून गेलीस. मुद्दाम थोडंच केलंस तू?”

“नाही गं,” मी म्हटलं.