चिंधीच्या खांद्यावरचा शालू

मी घर सोडलं तो रविवार होता. गाडी साडेदहाची आणि 'चिंधीची चावडी' दहाची. वर्ध्याच्या घरासमोर ऑटो उभा, ऑटोत बॅगा, बॅगांना धरून बाबा, आणि तेवीस वर्षांची इंजिनिअर मुलगी पायात बूट चढवून टीव्हीसमोर. बाबा बाहेरून म्हणत होते, "अवं, बाहुली कुठं पळून नाही चालली, गाडी चालली जाईन." दहा मिनिटं बघून मी उठले. गाडी धावत मिळाली. डब्यात बसल्यावर रडू आलं ते आईबाबांसाठी की राहिलेल्या वीस मिनिटांसाठी, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुमच्यातल्या ज्यांच्या घरी चिंधी लागायची त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांना सांगते. चिंधी म्हणजे हातात घालून नाचवायची कापडी बाहुली. डोळ्यांना दोन बटणं, एक काळं, एक तपकिरी. शेजारी कोट घातलेले एक काका. काकांनी काहीही शहाणपणाचं सांगितलं की ही विचारायची, "का म्हणून?" काका कारण सांगता सांगता घामाघूम व्हायचे. आणि दर रविवारी महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी मुलानं पोस्टानं पाठवलेला कापडाचा तुकडा तिच्या झग्यावर शिवला जायचा. मुलाचं नाव, गाव आणि कापड कुणाचं, हे काका वाचून दाखवायचे. नियम एकच होता: कापड जुनं हवं आणि घरी विचारून कापलेलं हवं.

आमच्या घरातलं जुनं कापड सगळं फरशी पुसायला जायचं. ते पाठवायची मला लाज वाटली. मी आठ वर्षांची होते. कपाटातून आईचा लग्नातला डाळिंबी शालू काढला आणि आत खोचायच्या बाजूचा, कुणाला दिसणार नाही असा, तळहाताएवढा तुकडा कापला. पाकिटावर नाव, पत्ता, सगळं नीट लिहिलं. दोन महिन्यांनी काकांनी माझं नाव वाचलं तेव्हा आई पोळ्या टाकून कौतुकानं बाहेर आली. चिंधीच्या डाव्या खांद्यावर तो तुकडा चमकत होता. आई म्हणाली, "हा माहा शालू आहे न वं?" चोरी करून स्वतःचा पत्ता कळवणारी चोर वर्ध्यात तरी मी एकटीच असेन.

आईनं कार्यक्रम संपू दिला आणि मग दोन दिल्या. पण पुढच्या रविवारी दहा वाजता गॅस बारीक करून ती बाहेर आली. "पाहू दे, माहा शालू कसा आहे." मग दर रविवारी येऊ लागली. कार्यक्रम आवडतो, असं मात्र तिनं आजवर कबूल केलेलं नाही.

बंगळुरूला आले त्याला आता पंधरा वर्षं झाली. एचएसआर लेआउटमध्ये राहते. ऑफिसात इंग्लिश, कँटीनमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी भाव करताना 'स्वल्प कम्मी माडी', थोडं कमी करा, आणि मराठी फक्त फोनवर आईशी. रविवारी मोबाईलवर चिंधी. टीममधली मुलं हसायची. पस्तिशी उलटली आणि बाहुल्या बघतेस? बघते. तुम्ही अकरा माणसं एका चेंडूमागे धावताना दिवसभर बघता, तेव्हा मी तुमचं वय विचारत नाही.

गेल्या वर्षी चॅनेलनं चिंधी बदलली. आता ती कॉम्प्युटरवर बनते. डोळे तेच, पण झगा एकरंगी, गुळगुळीत, नुकताच दुकानातून आणल्यासारखा. तिच्या अंगावर एकही चिंधी नाही. मी ईमेल लिहिली. जुनी बाहुली कुठं आहे ते विचारलं. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं. मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. माझ्या आईच्या लग्नाचा शालू होता तो, आणि तो कुठं आहे हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

म्हटलं, आपणच करू. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपती बसतो, तिथं मुलांसाठी चिंधीचा खेळ करते म्हणून मी नाव दिलं. सेक्रेटरी पुण्याचे, अतिशय सभ्य. "अहो, छानच आहे. फक्त हिंदीत करा. इंग्लिश मिक्स चालेल. आपल्या मुलांना मराठी कुठं कळतंय आता?" मी म्हटलं, "का म्हणून?" ते चिंधीच्याच आवाजात बाहेर पडलं. सेक्रेटरींना कळेना हसावं की काय करावं. शेवटी त्यांनी मला जेवणानंतरची वेळ दिली, म्हणजे लोक पान खाऊन घरी निघतात ती. मी घेतली. चिंधी मराठीच बोलणार होती. ज्याला कळणार नाही तो विचारेल, तिचा सगळा खेळच विचारण्याचा आहे.

बाहुली शिवायला मदत केली आमच्या घरमालकीण अक्कांनी. त्यांचं घराणं शिवकाळापासून इथलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं आणि आमची पुण्यामुंबईची मंडळी ते ऐकून गालात हसतात. अक्कांना ते माहीत आहे. सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "साडेतीनशे वर्षं झाली, घरात हेच बोलतो बघ आम्ही. कुणाला विचारून बोलायचं काय? सरी, तू स्वल्प कापूस आण." चिकपेटेच्या बाजारातून मी कापूस आणि बटणं आणली, एक काळं, एक तपकिरी. चिंधीची थोरली बहीणही हवी असं ठरलं आणि तिचा आवाज अक्कांचा, त्यांच्याच मराठीत.

मग मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: प्रत्येक घरानं एक तुकडा द्यावा, जुना, घरी विचारून कापलेला. पहिले तीन दिवस नुसते अंगठे आले. चौथ्या दिवशी एक बाई नागपूरच्या सासूबाईंच्या नऊवारीचा काठ घेऊन दारात उभ्या राहिल्या. मग बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला निळा युनिफॉर्म आला, कंपनीचा टी-शर्ट आला, एका बाळाचं झबलं आलं. झगा भरत गेला. डावा खांदा मात्र मी रिकामा ठेवायला सांगितला. आईला फोन केला आणि तीस वर्षांनी प्रथमच विचारलं, शालूचा एक तुकडा कापून देशील का, आतल्या बाजूचा चालेल. आई म्हणाली, "पाहातो," आणि फोन ठेवला.

आठ दिवस काही आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. खेळाच्या दिवशी सकाळी कुरिअर आलं. पाकिटात डाळिंबी तुकडा होता, पण आतल्या बाजूचा नव्हता. भर पदराचा, जरीच्या मोरासकट. सोबत वहीचा कागद, आईच्या अक्षरात: "या खेपेला विचारलं, म्हणून पदराचा देल्ला. समोरून दिसंल असा लाव."

अक्कांनी तो खांद्यावर शिवला. जेवणानंतर लोक निघाले नाहीत. खेळ चाळीस मिनिटं चालला, सगळा मराठीत. एका मुलीनं मध्येच उभं राहून विचारलं, "चावडी मीन्स?" थोरल्या बहिणीनं तिला समजावलं, निम्मं कन्नडात, आणि त्या मुलीला ते कळलं. सेक्रेटरी मागे उभे होते. निघताना त्यांनी खिशातून वडिलांच्या धोतराचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

लोक विचारतात, परत कधी जाणार, घर कुठलं मानतेस? पूर्वी मी गडबडायचे. आता नाही गडबडत. आई दर रविवारी दहा वाजता वर्ध्याहून व्हिडिओ कॉल करते. तब्येत विचारत नाही, जेवलीस का म्हणत नाही. म्हणते, "पाहू दे, माहा शालू कसा आहे." मी चिंधी हातात घालते आणि डावा खांदा पुढं करते.