पप्पांचा कोर्स

पुण्याला इंजिनिअरिंगसाठी निघाले तेव्हा माझ्याबरोबर एक काळी लोखंडी ट्रंक होती. आदल्या दिवशी गच्चीत बसून पप्पांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहिलं होतं, फौजेत लिहितात तसं. आधी आडनाव, त्याखाली ‘बी.ई. प्रथम वर्ष’, त्याखाली गाव. सकाळी बसस्थानकावर बाकीच्या मुली चाकांच्या बॅगा ओढत होत्या आणि पप्पा ती ट्रंक खांद्यावर घेऊन पुण्याच्या एसटीकडे चालले होते. मी दहा पावलं मागे होते, मुद्दामच. ट्रंक डिकीत ठेवून त्यांनी कंडक्टरला बजावलं, "पोरीचं सामान हाय, त्याच्यावर काय ठिवू नका." मग ते खिडकीपाशी येऊन उभे राहिले. बस हलली तेव्हा म्हणाले, "मन लावून शिक, माय. आता आपल्या घरात तूच शिकायची."

घरात खरं तर आम्ही दोघं शिकणार होतो, पप्पा आणि मी.

पप्पा मूळचे पिशोरचे. बारावीनंतर भरती झाले आणि फौजेच्या हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागले. निवृत्त होताना हवालदार होते. त्यांची पोस्टिंग कुठेही असली तरी आम्ही मायलेकी संभाजीनगरला, छावणीजवळच्या भाड्याच्या घरात राहिलो, कारण माझी इंग्लिश मीडियमची शाळा बदलायची नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. ते सुट्टीवर आले की गल्लीतले लोक इंजेक्शन घ्यायला आमच्याकडे यायचे. पप्पांना शीर पटकन सापडायची. त्यांना लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. लासूर स्टेशन या गावच्या बाजारात त्यांनी एक गाळाही बघून ठेवला होता. तिथल्या लोकांना साध्या रक्ततपासणीसाठी वैजापूरला नाहीतर शहरात यावं लागतं, हे ते दर सुट्टीत आम्हाला ऐकवायचे. मम्मी म्हणायची, "आधी घरातल्या मिक्सरचं बघा, मग मशीन घ्या."

मी बारावीला होते आणि त्यांची नोकरी संपायला दीड वर्ष राहिलं होतं, तेव्हा युनिटच्या क्लार्कने त्यांना व्हॉट्सॲपवर एक परिपत्रक पाठवलं. त्यात शिक्षणाच्या दोन सवलती होत्या. एक सैनिकासाठी, निवृत्तीआधी करायचा कोर्स, आणि त्याच्या यादीत लॅबचा कोर्स होता. दुसरी मुलांसाठी, सेवेतल्या किंवा निवृत्त सैनिकाच्या मुलाला किंवा मुलीला पदवीसाठी शिष्यवृत्ती. सगळं इंग्रजीत. पप्पांनी ते उघडूनही न बघता मला पाठवलं. फोनवर म्हणाले, "तुला इंग्रजी येतं, तूच वाच आन् मला सांग. मी इथं पहाडावर बसून काय वाचू?"

मी वाचलं. एका पानावर वाक्य होतं की एका वेळी शिक्षणाचा एकच लाभ घेता येईल. दोन्ही सवलती पप्पांच्याच सर्व्हिस नंबरवर होत्या, म्हणून मी अर्थ लावला की आमच्या घराला दोन्हींतली एकच मिळणार. पण मला खात्री नव्हती. ते वाक्य मुलांच्या भागात होतं, सैनिकांच्या भागात नव्हतं. मी पप्पांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "क्लार्क सुट्टीवर गेलाय. तू सैनिक कल्याणच्या ऑफिसात जाऊन विचारून ये. आपलेच लोक असत्यात तिथं."

मी गेले. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर आठ-दहा माणसं बसली होती, बहुतेक पप्पांच्याच वयाची, ताठ बसलेली. आतून एकेकाला हाक येत होती आणि प्रत्येक जण खणखणीत आवाजात नंबर, रँक, नाव सांगत होता. मला पप्पांचा नंबर पाठ होता. पण तो एवढ्या लोकांसमोर मोठ्याने म्हणायचा, मग मराठीत प्रश्न विचारायचा, आणि ‘लाभार्थी’ म्हणताना आपली जीभ अडखळली तर सगळे वळून बघतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शाळेत मी हजेरीलासुद्धा हळू बोलायचे. फाटकाबाहेर रसवंती होती. मी एक ग्लास रस प्यायले, स्कूटी वळवली आणि घरी आले.

मम्मीने विचारलं, "झालं का काम?"

"विचारलं," मी म्हणाले. "एकच मिळतं."

रविवारी पप्पांचा फोन आला. त्यांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "मंग तुझंच धरू. मला पेन्शन हायेच की. म्हाताऱ्यानं शिकून काय करायचं!" ते तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी कोर्सचा फॉर्म भरला नाही आणि मुदत निघून गेली.

पुण्यात मी हॉस्टेलला राहिले. शिष्यवृत्ती वेळेवर आली, मी वेळेवर पास झाले. गावाकडचं कुणी भेटलं की म्हणायचं, "हवालदारांनी पोरीला शिकवलं." मला ते ऐकायला आवडायचं. नोकरी बेंगळुरूला लागली. तिथे मी पीजीत राहते, सकाळी इडली खाते, कॅबमधल्या मुलींशी हिंदी-इंग्रजीत बोलते. माझं काम एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या सवलती समजावून सांगायचं आहे. कोणती रजा कुणाला लागू, कोणता विमा कुठे चालतो. सगळं ईमेलवर, बोलावं लागत नाही, म्हणून मला जमतं. माझ्या टीममध्ये मी अचूक म्हणून ओळखली जाते.

मागच्या वर्षी पीजीत पिथोरागढची एक मुलगी माझी रूममेट म्हणून आली. तिचे वडीलही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. एकदा कपडे वाळत घालताना ती म्हणाली की वडिलांनी शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आता त्यांचं गावात सेवा केंद्र आहे.

मी विचारलं, "मग तुला शिष्यवृत्ती मिळाली नसेल?"

ती हसली. "क्यों नहीं मिलती? वो पापा का था, ये मेरा था."

मी टॉवेल दोरीवर टाकला आणि आत जाऊन फोनमधलं ते जुनं परिपत्रक शोधलं. आता रोज असलेच नियम वाचते, त्यामुळे कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ज्या विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती मिळते त्याने त्याच वेळी दुसरी शिष्यवृत्ती घ्यायची नाही, एवढंच ते होतं. सैनिकाच्या कोर्सशी त्याचा संबंध नव्हता. व्हरांड्यातल्या कुणाही माणसाने मला हे बसल्या जागी सांगितलं असतं.

पप्पा आता शहरातल्या एका हॉस्पिटलच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. शेजारचे निसार चाचा, कोर्टातून निवृत्त झालेले क्लार्क, त्यांना चिडवतात, "क्या हवालदार साब, फौज से छूटे तो फिर गेट पे?" पप्पा म्हणतात, "हौ चाचा, पर इधर गोली नै आती." मागच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. एका बाईने त्यांना रक्त कुठे तपासतात ते विचारलं. पप्पांनी बोट दाखवलं आणि विचारलं, "उपाशी पोटी आलात का? चहा पिलात? मंग उद्या या मावशी, शुगर चुकीची दाखवंल." बाई परत गेली. लॅबमधला टेक्निशियन चहाला बाहेर आला तेव्हा पप्पा त्याला आतल्या नव्या मशीनबद्दल विचारत होते. तो फोनकडे बघत उत्तरं देत होता. मी डबा टेबलावर ठेवून निघाले.

या दिवाळीला मी त्यांना सांगितलं. ते दारात बसून ड्यूटीचे बूट पॉलिश करत होते. दोन्ही मिळालं असतं, मी त्या दिवशी ऑफिसात गेलेच नव्हते, फाटकातून परत आले होते, असं सगळं एका दमात बोलले. ब्रश थांबला.

"आत गेलीच नाय?"

"नाही."

"कुणी काय बोललं का तुला तिथं?"

"कुणी काहीच बोललं नाही, पप्पा."

त्यांनी दुसरा बूट हातात घेतला. आतून मम्मी म्हणाली, "आता सणासुदीला हे काय काढलंय!" पप्पा बराच वेळ बूट घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आता वयाचं कसंय त्या कोर्सला?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. निघायच्या आधी मी बेंगळुरूहून त्याच ऑफिसात फोन करून चौकशी केली होती, सगळी वाक्यं कागदावर लिहून. नोकरीत असतानाच तो कोर्स करता येतो, नंतर नाही. मी तसं सांगितलं.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि बूट घालून ड्यूटीला गेले.

घर सोडून शिकायला गेलेल्या माझ्यासारख्या मुली कौतुकाने सांगतात की आईवडिलांनी आमच्यासाठी खूप सोडलं. मीही सांगायचे. आता कुणी तसं बोलू लागलं की मी गप्प बसते. माझ्या वडिलांनी जे सोडलं ते सोडायची गरज नव्हती.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या बँकेचं एक पत्र आलं. पप्पांनी नेहमीसारखा फोटो पाठवला, मी फोनवर ओळ न ओळ समजावली. ते म्हणाले, "बरं." दोन दिवसांनी मम्मी बोलता बोलता म्हणून गेली की संध्याकाळी पप्पा तेच पत्र घेऊन निसार चाचांकडे गेले होते, एकदा वाचून घ्यायला. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं आणि तिने घाईने भाजीचा विषय काढला.

लांब राहून घराची आठवण येते तेव्हा मला छावणीजवळचा रस्ता किंवा मम्मीच्या हातची धपाटी इतकी आठवत नाहीत. आठवतं ते हे, की त्या घरात मी सांगितलेलं पुन्हा कुणी तपासत नसे. मी लाजरी होते, बाहेर माझा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही, पण घरात माझा शब्द शेवटचा होता. आता पप्पा फोटो पाठवतात, मी वाचते, ते "बरं" म्हणतात. फोन ठेवून ते चाचांकडे जायला चपला घालत असतील, हे मला इथे माझ्या खोलीत बसून कळतं. आणि मी त्यांना ‘जाऊ नका’ म्हणत नाही.