वाळूताईच्या सोयरिकी

मुलीच्या लग्नाची तारीख धरताना तुम्ही कुणाकुणाला विचारता? भटजींना, मामांना, हॉलवाल्याला. आणि ती जिच्याबरोबर खेळते, तिला?

हा प्रश्न मूळचा आम्हाला खेळ शिकवणाऱ्या वाळूताईचा. समुद्र नसलेल्या नाशिकमध्ये ती बीच व्हॉलीबॉल खेळली आणि राज्याची विजेती झाली. शाळेच्या मागे टाकलेली ट्रकभर वाळू, तोच आमचा किनारा. खेळाआधी ती सगळ्यांना वाळू चाळायला बसवायची. खडे निघत, काचा निघत, कधी बांगडीचा तुकडा. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "पडणार तूच ना? मग चाळ."

दुसरा हट्ट ओरडण्याचा. या खेळात एका बाजूला दोघीच असतात, बदली खेळाडू नसते. चेंडू आला की एकीने "माझा!" म्हणायचंच. दोघी गप्प राहिल्या तर तो मधोमध पडतो. मी गप्प राहिले की ताई जाळीपलीकडून ओरडायची, "तोंडात पेढा धरलाय का गं? बोल की!"

तिची जोडीदारीण पल्लवी, येवल्याची. दोघींनी मिळून राज्याचं विजेतेपद आणलं आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. नेमकं त्या स्पर्धेच्याच दिवशी पल्लवीचं लग्न धरलं गेलं. ताईने येवल्याची एसटी पकडली. पुढचं ती आम्हाला वाळू चाळता चाळता सांगायची.

पल्लवीचे वडील पैठणीच्या मागावर बसले होते. "तिथी निघाली, हॉल मिळाला. आता काय करतीस?"

"काका, तिच्याबिगर मला उतरताच येत नाय."

"मग दुसरी पोरगी घे की! नाशकात पोरींचा दुष्काळ हाय का?"

"तुम्ही नवरदेव बदलता का आयत्या वेळी?"

काका खो खो हसले. चहा झाला. तारीख मात्र हलली नाही. "पल्लवी, तू तरी बोल," ताई म्हणाली. पल्लवी चहाचे कप उचलून आत गेली.

लग्नात ताईने पंगतीत जिलबी वाढली. सासरी पल्लवीचं खेळणं बंद झालं. ताईने पुढे दोघी-तिघींबरोबर जोडी जमवून पाहिली, पण विजेतेपद पुन्हा आलं नाही. कुणी कुणाला मारलं नाही, कोंडलं नाही. फक्त विचारलं नाही. दोन विजेत्या संपवायला आपल्याकडे एवढं पुरतं.

ताई रडत बसली नाही. तिने सोयरिकी जमवायला सुरुवात केली. नवी जोडी लावायची तर दोन्ही घरं समोरासमोर बसवायची. माझी जोडी त्र्यंबकच्या सोनालीशी लागली, तेव्हा तिचे आईवडील नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी आले. आईने पोहे केले. ताईने अट घातली, "पोरीचं काही ठरवायचं असलं तर आधी जोडीदारणीच्या घरी फोन करायचा. कबूल?" बाबा हसत "कबूल" म्हणाले. त्यांना ती गंमत वाटली होती.

मागच्या हिवाळ्यात मला स्थळ आलं. मुलगा मलाही आवडला. बैठकीत पाहुण्यांनी चैत्रातली तारीख सुचवली, मामांनी मान डोलावली. मी ताईची शिष्या, पण तोंडात पुन्हा पेढा. तेवढ्यात बाबा उठले. "एक फोन करतो." सगळ्यांना वाटलं, भटजींना.

"नमस्कार, सोनालीचे बाबा ना? चैत्रात पोरींचं काही आहे का हो?"

होतं. निवड चाचणी.

"सोनालीच्या बाबांना विचारलं. तारीख पुढे घ्यावी लागेल," बाबा बैठकीत येऊन म्हणाले.

"हे कोण म्हणायचे मध्येच?" मुलाच्या आईने विचारलं.

"आमचे आधीचे व्याही."

मग मलाही कंठ फुटला. "मला ती चाचणी खेळायचीये," मी म्हणाले. लग्न वैशाखात झालं. सोनाली आणि मी अजून खेळतो.

ताई आता तिच्या मुलखात, सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिकवते. जाताना तिने वाळूची चाळण माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "सोयरिकी चालू ठेव."

त्या मला एकटीला जमणाऱ्या नाहीत. म्हणून मागते आहे. तुमच्या घरात खेळणारी, गाणारी, नाटकात काम करणारी मुलगी असेल, तर आजच तिच्या जोडीदारणीच्या घरचा नंबर मागून घ्या. आणि तारीख धरण्याआधी तो लावा.