मेथी, ससे आणि पाठ केलेला शब्द

ओहायोतल्या डब्लिन गावचे जगन्नाथकाका जीआरई परीक्षेसाठी ‘स्कर्ज’ हा शब्द पाठ करून अमेरिकेला आले, आणि पुढच्या तीस वर्षांत तो वापरायची वेळच आली नाही. यंदा सशांनी अंगणातली मेथी फस्त केली. कुंपणाची परवानगी मागायला काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले.

"बाबा, प्लीज, जस्ट से रॅबिट्स," लेक प्रीता कुजबुजली.

"हे ससे म्हणजे स्कर्ज आहेत," काका इंग्रजीत म्हणाले. कोणी विचारलं नसताना त्यांनी अर्थही सांगितला: देवाने पापाची शिक्षा म्हणून धाडलेलं संकट.

अध्यक्षबाई नेमाने चर्चला जाणाऱ्या. त्या हळुवारपणे म्हणाल्या, "मग त्यापुढे कुंपण काय करणार, जॅग?"

परवानगी मिळाली नाही. काका आता मेथी स्वयंपाकघरात कुंडीत लावतात आणि सशांना रॅबिट्स म्हणतात.